तळपत्र्यावरचा नंबर

पडदेवाली वहिनी. आयुर्मान एकोणसत्तर वर्षे. त्यांपैकी चौतीस जुन्या कॅमेऱ्यांच्या मेजाशी गेली आणि सत्तावीस वैधव्यात. हकीकत सांगताना आधी माणूस आणि त्याची वर्षे मांडलेली बरी, म्हणजे मागाहून घोळ होत नाही.

हे नाव त्यांना कारखान्याने दिले. जुन्या एसएलआर कॅमेऱ्याच्या पोटात रबर चढवलेल्या रेशमी कापडाचे दोन पडदे असतात. बटण दाबले की पहिला सरकतो, मागून दुसरा धावतो, आणि दोहोंमधल्या फटीतून जेवढा उजेड आत जाईल तेवढ्याचे चित्र फिल्मवर उमटते. वर्षे लोटली की हे कापड कडक होते, त्याला टाचणीच्या अग्राएवढी भोके पडतात. ते खरवडून काढायचे आणि नवे कापून, केसभरही तिरपे न जाऊ देता चिकटवायचे, हे वहिनींचे काम. त्यांचे वडील शिंपी होते आणि घरोघरच्या खिडक्यांचे पडदे शिवीत. "बापाने घरांना पडदे लावले, लेकीने कॅमेऱ्यांना. घराण्याचा धंदा सोडला असं कुणी म्हणायला नको," असे त्या म्हणत.

आमच्या पेढीचा व्यवहार तीन देशांत पसरलेला होता. एका सधन देशात कॅमेऱ्याचे नवे मॉडेल बाजारात आले की लोक जुने मोडीत काढीत. आमचा खरेदीदार तिथे राहून तो माल गोळा करी आणि लाकडी पेट्यांत भरून बोटीने पाठवी. आम्ही तो उघडून, पुसून, दुरुस्त करून तिसऱ्या देशातल्या एका व्यापाऱ्याला विकत असू. त्या देशात स्टुडिओवाल्यांना आणि शिकाऊ मुलांना नवा कॅमेरा झेपत नसे, आमचा झेपे. परदेशांशी होणारा सारा पत्रव्यवहार माझ्याकडे होता, आणि रवाना होणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याचा नंबर मालाच्या यादीत चढवण्याचे कामही.

या नंबरांवरून वहिनींचे आणि माझे रोज खटके उडत. आमच्याकडे जे मॉडेल सर्वाधिक येई त्याचा नंबर तळाच्या पत्र्यावर कोरलेला असे. हा तळपत्रा चार स्क्रूंवर बसतो. गिऱ्हाईक कॅमेरा हातात घेतला की पहिल्यांदा उलटा करून पाहते. तळाला पोचा दिसला की भाव पाडते. म्हणून उत्तम चालणाऱ्या कॅमेऱ्याला उत्तम तळपत्रा हवा, आणि तो ज्याच्या अंगावर असेल त्याचा काढून घ्यायचा. याचे झाकण त्याला, त्याची मूठ याला, अशी पाच मोडक्यांतून तीन धड करण्याची ही विद्या. दुरुस्तीच्या साऱ्याच दुकानांत ती चाले आणि तीत लबाडी आहे असे कोणी मानीत नसे. माझी यादी मात्र बिघडे.

"वहिनी, सकाळी चढवलेला नंबर आता दुसऱ्याच कॅमेऱ्याखाली कसा?"

"माणूस तोच आहे हो, भाऊजी. नुसत्या चपला बदलल्यात."

"मला चपलांचीच नोंद ठेवावी लागते."

"मग चपलांचंच चरित्र लिहा की. नंबर पत्र्याचा असतो, कॅमेऱ्याचा नसतो, हे तुम्हाला कितीदा सांगायचं?"

मेजाभोवतीचे सगळे हसत. मी खाडाखोड करून नवी यादी करी.

खरेदीदार म्हणून जो परदेशी राहिला होता तो वहिनींचा नवरा. आम्ही दोघे एकाच दिवशी पेढीत लागलो. मी लेखणीला चिकटलो आणि तो चाकांना. त्याला आम्ही फिरस्ते म्हणत असू. तो मला हेडमास्तर म्हणे, कारण त्याच्या पत्रांतल्या चुका मी तांबड्या शाईने दाखवून परत पाठवीत असे. पुढे त्याने पत्रे लिहिणेच सोडले. बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीत, एका वृद्ध घरमालकिणीकडे त्याची खोली होती. वर्ष-दीड वर्षांतून एकदा तो घरी येई, महिनाभर राही, लेकीला डोक्यावर घेऊन नाचे आणि परत जाई.

पेट्या आल्या की त्या आधी वहिनींच्या मेजावर लागत. इतर कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मालक याला कर्तव्यदक्षता समजत. कारखान्यातली माणसे याला माज समजत. खरे कारण फार उशिरा कळले.

फिरस्त्याला लिहिण्याचा कंटाळा, आणि घरी फोन नव्हता. म्हणून प्रत्येक खेपेच्या पेट्यांत तो एका कॅमेऱ्यात रोल भरून ठेवी. त्यावर तिथल्या दिवसांची चित्रे काढलेली असत: रस्ता, खिडकी, बाजार, ज्या गल्लीत त्याने माल उचलला ती गल्ली. कोणत्या कॅमेऱ्यात, हे तो सांगत नसे. वहिनींनी ते हाताने ओळखायचे. या कॅमेऱ्यांच्या डाव्या खांद्यावर रोल मागे गुंडाळण्याची एक छोटी मूठ असते. आत काही नसेल तर ती सैल फिरते. रोल असेल तर बोटांना ओढ लागते. वहिनी एकेक कॅमेरा उचलीत, मूठ फिरवीत, बाजूला ठेवीत. कुठेतरी बोटे अडत. मग काही न बोलता त्या रोल गुंडाळून पदराआड करीत आणि संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडे धुवायला टाकीत.

रोलचे शेवटचे चित्र ठरलेले असे. हात धुण्याच्या भांड्यावर एक आरसा होता. त्याच्यापुढे उभा राहून, कॅमेरा छातीशी धरून, फिरस्ता आपले तोंड टिपी. बाकीची चित्रे वहिनी लेकीला देत. हे शेवटचे त्यांचे स्वतःचे.

एसएलआर कॅमेऱ्याच्या आतही एक आरसा असतो, ज्यामुळे भिंगाला दिसते तेच डोळ्याला दिसते. पण बटण दाबताच तो वर उचलला जातो आणि निमिषभर डोळ्यापुढे अंधार होतो. एकदा मी वहिनींना म्हटले, "एवढे महागाचे यंत्र, आणि चित्र निघते नेमक्या त्याच क्षणी पाहणाऱ्याला काही दिसत नाही."

"अगदी आपल्या मालकांसारखं," त्या म्हणाल्या. "पगारवाढीचं नाव काढलं की डोळे मिटतात."

मालक मागेच उभे होते. तेही हसले. असे ते दिवस होते.

फिरस्त्याचा शेवटचा फोन पेढीत, माझ्या मेजावर आला. वहिनींना बोलावणे धाडले. त्या हात पुसत आल्या आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभ्याच राहिल्या. मला अर्थात एकाच बाजूचे ऐकू येत होते.

"अहो, आवाज असा का?... सर्दी? मग वाफ घ्या की... ऊन नाही म्हणे! वाफेला ऊन कशाला लागतं?... ती मजेत आहे, परीक्षा चाललीय... काय? ओळखणार नाही म्हणजे? काय करून ठेवलंय?... नका सांगू, मला काय! कधी तरी बघेनच... हं. हं, सांगा. लिहून घेते."

माझ्या टीपकागदाच्या कडेला त्यांनी एक नंबर लिहिला, पुन्हा म्हणून खात्री केली आणि फोन ठेवला. तो तुकडा फाडून घेताना त्यांच्या तोंडावर हसू होते.

"भाऊजी, तुमचे मित्र म्हणतात, या खेपेला माझा चेहरा पाहिलास तर ओळखणार नाहीस."

"डोक्याचा गोटा केला असेल."

"करायला शिल्लक होतं काय!" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि बघा ना, शोधायलाही लावलं नाही. कधी नाही तो नंबरच दिला. म्हणाले, तू कशाला दमतेस. म्हातारे व्हायला लागले वाटतं."

कोणता नंबर, कसला शोध, हे मी विचारले नाही. नवरा-बायकोच्या बोलण्यात नाक खुपसण्याची मला सवय नव्हती.

पेट्या बोटीवर चढल्या आणि त्याच आठवड्यात घरमालकिणीचा फोन आला. सर्दी म्हणून जे चालले होते ते छातीत उतरले होते. इस्पितळात नेले तेव्हा उशीर झाला होता. अंत्यविधी तिथेच उरकावे लागले. कुटुंबाने त्याला पाहिले होते त्याला दीड वर्ष होऊन गेले होते. घरी आली ती त्याची एक कापडी पिशवी. तीत कोट, चष्मा आणि लेकीसाठी घेतलेली रंगपेटी.

काही आठवड्यांनी वहिनी कामावर आल्या. जो तो आपल्या कामात डोके घालून बसला. त्यांनी मेज पुसले, भिंग पुसले, हत्यारे रांगेने लावली आणि सरळ मालकांच्या खोलीत आल्या. मी तिथेच होतो.

"पेट्या बंदराला कधी लागतायत?"

मालकांनी माझ्याकडे पाहिले, मग टेबलाकडे. "बाई, बसा तुम्ही."

"बसते. पेट्या कधी यायच्या?"

"त्या यायच्या नाहीत. वाटेतूनच वळवल्या मी. आपल्या तिकडच्या व्यापाऱ्याला, न उघडता, आहेत तशा देऊन टाकल्या."

"न उघडता?"

"त्याच्या हातच्या शेवटच्या पेट्या. त्या तुमच्या मेजावर लावायच्या आणि खिळे काढायला तुम्हाला सांगायचं... मला धीर झाला नाही, बाई. म्हटलं, तेवढा तरी त्रास वाचेल तुमचा."

मालक व्यवहाराला कडक होते, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते खरे होते. मग खाली मान घालून, चोरी कबूल करावी तशा आवाजात, वहिनींनी रोलची गोष्ट सांगितली. आम्हा दोघांनाही ती त्या वेळी प्रथमच कळली.

मालकांनी कपाळावर हात मारला. "अहो, एक शब्द बोलला असता! इतक्या वर्षांत एक शब्द!"

"घरातली गोष्ट. चारचौघांत काय सांगायची?" वहिनी म्हणाल्या. "मला कॅमेरा नको. आतलं एक चित्र हवंय. यांचा चेहरा. ओळखणार नाहीस म्हणाले होते."

मी टेलेक्सचा मजकूर करायला घेतला. वहिनींनी पिशवीतून टीपकागदाचा तो तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

"आणखी काही खूण द्यायची का?" मी विचारले.

"नंबराहून मोठी खूण ती कुठली?" त्या म्हणाल्या.

मजकूर गेला: या नंबरचा कॅमेरा उघडू नये, मागचे दार न उघडता आहे तसा परत पाठवावा. व्यापारी सज्जन होता. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की कॅमेरा सापडला, दार मिटलेलेच आहे, हवाई टपालाने पाठवीत आहे. ते वाचून दाखवले तेव्हा वहिनी नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच, सर्वांदेखत, मोकळेपणाने रडल्या. स्टुडिओवाल्याने त्याच संध्याकाळी नवे औषध कालवून ठेवले. लेक शाळा सुटल्यावर रोज कारखान्यात येऊन बसू लागली.

पार्सल आले ते दुपारी. व्यापाऱ्याने कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळला होता आणि मागच्या दाराच्या फटीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली होती. इतकी काळजी आमच्या धंद्यात मी पाहिली नव्हती. सगळे मेजाभोवती गोळा झाले. वहिनींनी आधी तळपत्रा पाहिला. नंबर टीपकागदाशी ताडला. अंक अन् अंक तोच.

"आई, फिरव ना," लेक म्हणाली.

वहिनींनी कॅमेरा डाव्या हातात घेतला, छोटी मूठ उभी केली आणि बोटाने फिरवली. मूठ फिरली. आणखी फिरली. फिरतच राहिली.

"तुटला असेल आतमध्ये रोल," कोणीतरी म्हणाले.

वहिनींनी कॅमेरा उलटा करून दिव्याखाली धरला आणि डोळ्याला भिंग लावले. मग तो सावकाश मेजावर ठेवून तळाच्या चार स्क्रूंकडे बोट दाखवले. स्क्रूंच्या माथ्यांवरच्या खाचा जुन्या कॅमेऱ्यात काळवंडलेल्या असतात. या चारही खाचा नुकत्या पेचकस लागल्यासारख्या चकाकत होत्या.

"चपला बदलल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या.

हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. आमचा टेलेक्स पोचण्यापूर्वीच तिथल्या कारागिराने पेट्या फोडल्या होत्या. रोल असलेल्या कॅमेऱ्याचा तळपत्रा बिनडागी होता. तो त्याने काढून दर्शनी मांडणीतल्या चांगल्या कॅमेऱ्याला बसवला, आणि मूळ कॅमेऱ्याला कसलातरी पोचे पडलेला पत्रा लावला. कोणीही तेच केले असते. वहिनींनी ते रोज केले होते. व्यापाऱ्याने इमानाने नंबर शोधला, इमानाने जपला आणि पाठवला. "प्रत्येक कॅमेऱ्याची मूठ फिरवून पाहा" एवढे जर कळवले असते, तर रोल हमखास हाती लागला असता. दर खेपेला वहिनी त्याच रीतीने तो शोधीत. पण या वेळी हाताशी नंबर होता. बायकोने दमू नये म्हणून फिरस्त्याने तो दिला होता.

वहिनी लेकीला म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. सगळ्या जगाला मीच सांगत होते, नंबर पत्र्याचा असतो म्हणून."

मी पुन्हा टेलेक्स केला. व्यापाऱ्याचे या वेळी पत्र आले, हाताने लिहिलेले आणि क्षमायाचनेने भरलेले. दुसऱ्या तळपत्र्याचा तो कॅमेरा त्याच्या कारागिराने नेहमीप्रमाणे तपासायला घेतला होता. मागचे दार उघडले, आत फिल्म दिसली, झटकन मिटले. मग रोल गुंडाळून, फेकून न देता, एका डबीत ठेवला. कारागिरांची ही एक न शिकवलेली रीत असते. कोणाची तरी चित्रे असतील, म्हणून पटकन टाकवत नाही. ती डबी त्याने पत्रासोबत पाठवली होती. मूळ कॅमेरा मात्र विकला गेला होता. तोही शोधून पाठवीन, असे त्याचे वचन होते.

कॅमेऱ्यात काढलेले पहिले चित्र रिळाच्या सर्वांत आतल्या वेढ्यात जाते आणि शेवटचे सर्वांत बाहेर राहते. दार उघडले की उजेड बाहेरून आत शिरतो. म्हणून आधी जळते ते शेवटचे. हे वहिनींना ठाऊक होते, मला ठाऊक होते आणि स्टुडिओवाल्यालाही. तरीही आम्ही चौघे, त्या, लेक, मी आणि तो, त्याच्या डार्करूमच्या दाराशी गेलो. तो एकटा आत गेला. वहिनी बाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ओली पट्टी लोंबत होती. सुरुवातीचा भाग स्वच्छ, पुढे कडेने चढत गेलेला काळिमा, आणि शेवटचा हातभर तुकडा काजळासारखा.

"वहिनी, आरंभीची निघतील," तो म्हणाला. "पुढे काही नाही."

"शेवटचं छापून द्या."

"अहो, निगेटिव्ह काळं ठिक्कर आहे. कागद कोरा येईल नुसता."

"येऊ दे. छापा तुम्ही."

त्याने छापले. निगेटिव्हवरचे काळे कागदावर पांढरे होते. शेवटच्या चित्राचा कागद, चारी बाजूंच्या बारीक काळ्या रेघेच्या आत, निव्वळ पांढरा आला. वहिनींनी तो इतर चित्रांबरोबर वहीच्या पानांत घालून घरी नेला.

उरलेली चित्रे मी त्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मांडलेली पाहिली. खिडकीतून दिसणारा ओला रस्ता. जिना. मांजर कडेवर घेतलेली घरमालकीण. टेबलावर शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बसवलेले कॅमेरे. आणि सर्वांत शेवटी, अर्धे वाचलेले एक: हात धुण्याच्या भांड्यावरची फळी, आरशाची डावी कड, आणि तिथून पुढे धुके. आरशात माणूस उभा असेल तर त्या धुक्यात होता. फळीवर दाढीचे सामान होते. वहिनींनी भिंग मागितले आणि त्या चित्रावर कितीतरी वेळ वाकून राहिल्या.

"हे बघ," त्या एकदम म्हणाल्या. लेकीला त्यांनी जवळ ओढले. "साबणाला तडे गेलेत. ब्रशाचे केस बघ कसे फिस्कारलेत. कित्येक दिवसांत पाणी लागलेलं नाही याला. दाढी वाढवली होती बाबांनी! म्हणून म्हणाले, ओळखणार नाहीस." आणि त्या हसल्या. "मेलं, या वयात दाढी!"

मला निरोप द्यायला लेक जिन्यापर्यंत आली. वयाने पंधरा-सोळा, पण नजर आईची.

"काका, दाढी हौसेने वाढवली नसेल," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांच्यानं हात उचलवत नसेल. म्हणून वाळला साबण. आईला सांगू नका हं."

मी नाही सांगितले. दोन्ही अनुमाने त्या एकाच साबणाच्या वडीवरून काढलेली होती आणि तिसरा पुरावा कोणापाशी नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी कामात एक भर घातली. कॅमेरा हाती आला की तळपत्रा काढायचा, आणि त्यावरचा नंबर सुईच्या टोकाने आतल्या धातूवर कोरायचा. मग पत्रे कितीही बदलोत. मालक म्हणाले, "बाई, यात वेळ जातो." वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे." पुन्हा कोणी विषय काढला नाही. माझ्या याद्या तेव्हापासून बरोबर निघू लागल्या. त्या बरोबर निघत होत्या याचे मला कधीही समाधान वाटले नाही.

संसार त्यांनी नेटाने ओढला. लेक शिकली, नोकरीला लागली, तिचे लग्न झाले. हातातली कला तशीच राहिली, तोंडही तसेच. फक्त काही वेळा, पडदा चिकटवून तो वाळण्याची वाट पाहत असताना, त्या भलतेच विचारीत.

"भाऊजी, काळी असेल की पांढरी?"

"काय?"

"दाढी."

"मिशा काळ्या होत्या त्याच्या," मी म्हणे.

"मग काळीच," असे म्हणून त्या पुन्हा कामाला लागत.

पुढे फिल्मचा जमाना सरला. आधी तिसऱ्या देशाची मागणी आटली, मग व्यापाऱ्याची पत्रे. शेवटच्या पत्रात त्याने दुकान बंद करीत असल्याचे लिहिले होते आणि तो कॅमेरा अजून सापडला नाही याबद्दल पुन्हा एकदा क्षमा मागितली होती. आमची पेढीही उठली. वहिनींनी आपली हत्यारे घरी नेली. मधून कोणी हौशी तरुण, आजोबांचा कॅमेरा घेऊन, पत्ता काढीत येई. त्याला त्या पडदे लावून देत आणि तळाच्या आत नंबर कोरून देत.

त्यांचा शेवट शांतपणे, स्वतःच्या अंथरुणावर झाला. लेक जवळ होती. नंतर मी भेटायला गेलो तेव्हा तिने मला जे सांगितले ते इथे नोंदवणे अवश्य आहे. अखेरच्या आठवड्यात तिच्याच्याने राहवले नाही आणि तिने आईला आपले जुने अनुमान सांगून टाकले. बाबा आजारी होते, हात उचलत नव्हता, दाढी हौसेची नव्हती.

आई म्हणाली, "ठाऊक आहे गं मला. त्याच दिवशी कळलं होतं. भिंग माझ्या हातात होतं ना?"

"मग इतकी वर्षं?"

"शोभली असती त्यांना," आई म्हणाली.

मागे राहिलेल्याची व्यवस्था अशी लागली. हत्यारे आणि भिंग स्टुडिओवाल्याच्या मुलाने नेले; तो ती वापरतो. चित्रांची वही लेकीकडे आहे. कोरा कागद तिने चौकटीत घातला नाही आणि फेकलाही नाही. तो होता तिथेच, वहीच्या शेवटच्या पानात आहे. चिकटपट्ट्यांसह परत आलेला तो कॅमेरा माझ्याकडे दिला, कारण यादीत त्याचा नंबर मीच चढवला असता असे ती म्हणाली. त्याचा तळपत्रा मी एकदा उघडून पाहिला. आत काहीही कोरलेले नव्हते. वहिनींनी त्यानंतर आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर नंबर कोरला, एवढ्या एकावर नाही. तो नंबर त्याचा नव्हता म्हणून.

ज्याचा होता तो कॅमेरा परक्या तळपत्र्यावर कुठेतरी असेल, कदाचित चालतही असेल. तो येणे अजून बाकी आहे.